विठ्ठल कमी पडला का?

"महाराज, तुम्हाला कशाला लागतो समुपदेशक? तुमचा विठ्ठल कमी पडला का?" हा प्रश्न मला पाथर्डीच्या बाजारात विचारला गेला, सप्ताहाच्या मंडपामागे विचारला गेला, आणि एकदा तर करंजी घाट उतरणाऱ्या एसटीत, शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला. विचारणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखर कळत नव्हतं. ज्याच्याकडं आपण दुःख घेऊन जातो, तो माणूस स्वतःचं दुःख घेऊन नगरला एका बाईंच्या खोलीत जाऊन बसतो, याचा अर्थ काय लावायचा? प्रश्न श्रद्धेचा आहे, म्हणून उत्तरही श्रद्धेच्या बाजूनंच द्यायला हवं.

मी प्रवचनकार आहे. थोडी कोरडवाहू शेती आहे, पण लोक ओळखतात ते प्रवचनामुळं. आमच्या नगर जिल्ह्यात दशक्रिया विधी प्रवचनाशिवाय पुरा होत नाही. सकाळी ओढ्याकाठी नाहीतर घाटावर माणसं जमतात, मुंडण होतं, पिंड ठेवले जातात, कावळ्याची वाट बघितली जाते, आणि मंडपात तासभर महाराजांनी बोलायचं. मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या, आणि ऊन चढायच्या आत माणसं आपापल्या वाटेला. त्या तासाभरात पहिल्या रांगेत बसलेल्या घराला उभं करायचं असतं. मी देहाची नश्वरता सांगतो, आत्म्याचं अमरत्व सांगतो, १६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, ती कथा सांगतो. या कामावर माझा विश्वास आहे. आजही आहे.

मग माझा धाकटा भाऊ गेला. तो ऊसतोडीचा मुकादम होता. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, शिरूर कासार हा सगळा पट्टा दिवाळीनंतर अर्धा रिकामा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल, आणि उचल घेतली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. कारखान्याकडून पैसे उचलायचे, कोयत्यांना वाटायचे, आणि एखादा कोयता पैसे घेऊन आलाच नाही तर ती रक्कम आपल्या डोक्यावर घ्यायची, हे मुकादमाचं जिणं. भर हंगामात, कोप्यांच्या अड्ड्यावर, पहाटे त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली उतरत नव्हते. काहीतरी इच्छा मागं राहिली, असं बायका म्हणू लागल्या. मग भावकीतला एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगायला लागला. पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ. उचलीचं बघू. आईला अंतर देणार नाही. चुलत्यांनी मला पुढं केलं. "तू थोरला, तू बोल." मी हात जोडले, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. रोज ज्या तोंडानं बोलतो त्याच तोंडातून. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. मंडपात दुसरे महाराज बोलत होते. त्यांचा शब्दन् शब्द बरोबर होता, तुकोबांची कथाही त्यांनी फार चांगली सांगितली. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो आणि ते सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

पुढं झोप गेली. व्यासपीठावर उभं राहिलं की छातीत धडधड, हाताला घाम. भाऊ हृदयानं गेला म्हणून घरच्यांनी माझंही हृदय तपासून घेतलं; काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ होता. लोकांनी सुचवलं ते मी केलं. मोहट्याच्या देवीची ओटी भरली. अमावास्येला मढीला कानिफनाथांच्या समाधीवर गेलो. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथं यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो, आणि ज्यांना गावात कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही अशी माणसं तिथं हक्कानं काठी नाचवत येतात. त्या गडावर गेलं की मला आजही मोकळं वाटतं, आणि कुणी ते अडाणीपण म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार दिला. "तुमच्या घरावर कुणीतरी केलंय, बाहेरचं बघून घ्या," असं सांगणारे आले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. करणारा शोधायला निघालो की दुःखाला शत्रूचं तोंड मिळतं, आणि मग भावकीत दुसरं दुःख जन्माला येतं. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा नवसाला, वारीला, यात्रेला हात लावत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारायला, साखळीनं बांधायला मनाई करतो. ही रेघ मला धर्माच्या दृष्टीनंही योग्य वाटते.

समुपदेशकाचं नाव काढलं ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. "महाराज, तुमच्या छातीत काही नाही. पण आत काहीतरी आहे, आणि ते काढायचं माझ्याकडं औषध नाही." त्यांनीच नगरचा पत्ता दिला. कागदोपत्री आता अहिल्यानगर. आमच्या तोंडी अजून नगरच येतं.

पहिल्या दिवशी काय होतं, हे सविस्तर सांगतो, कारण न जाण्याचं मोठं कारण भीती असतं, आणि भीतीचं कारण काहीच माहीत नसणं असतं. मी धोतर, सदरा, कपाळावर बुक्का अशा माझ्या नेहमीच्या वेषात गेलो. बाहेर एक बाकडं, तिथं एक फॉर्म भरायचा: नाव, वय, घरात कोण कोण, आधीचे आजार, चालू औषधं, तंबाखू-दारू. फी किती, वेळ किती, येणं रद्द करायचं असेल तर किती आधी कळवायचं, हे तिथंच सांगतात. आत एक लहान खोली. दोन खुर्च्या अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरक्या, म्हणजे सारखं डोळ्यांत बघत बसावं लागत नाही. भिंतीवर घड्याळ, टेबलावर पाणी आणि कागदी रुमालांचा डबा. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या उभ्या राहिल्या, नमस्कार केला, पण पाया पडल्या नाहीत. आमच्या तालुक्यात मी कुठल्याही घरात पाऊल टाकलं की घरातलं लहान माणूस वाकतं. तिथं कुणी वाकलं नाही, आणि मला काय वाटलं ते सांगायचं तर, खांद्यावरचं उपरणं उतरवून ठेवल्यासारखं हलकं वाटलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" फॉर्मवर नावाआधी ह.भ.प. होतं, मागं महाराज होतं. मी थोडा थांबलो आणि नुसतं नाव सांगितलं. आई सोडली तर त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

मग त्यांनी गुप्ततेबद्दल सांगितलं. इथं बोललेलं माझ्या घरच्यांना, डॉक्टरांना, कुणालाही माझ्या परवानगीशिवाय कळणार नाही. अपवाद आधीच सांगून टाकले: माझ्या जिवाला धोका आहे असं त्यांना वाटलं, दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा कोर्टानं मागितलं, तर त्यांना बोलावं लागेल. मानसिक आरोग्याचा २०१७चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्कच मानलेला आहे. खेड्यात राहणाऱ्याला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडं दुपारी ओट्यावर बोललेलं संध्याकाळी दूध डेअरीवर पोचतं.

मग झोपेचं, भुकेचं, कामाचं, घरातल्या नात्यांचं विचारलं. आणि ज्या सुरात जेवण जातं का हे विचारलं, त्याच सुरात विचारलं, "मरून जावं, असं मनात येतं का?" मी दचकलो नाही. उलट हा प्रश्न सरळ विचारता येतो, याचंच बरं वाटलं. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज खरा नाही. विचारल्यानं आत असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते. मी म्हणालो, मरावंसं वाटत नाही, पण पहाटे जाग आली नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं. त्यावर त्यांनी आणखी विचारलं, आणि शेवटी एका मनोविकारतज्ज्ञांना दाखवून घ्यायला सांगितलं. त्यांनी काही काळ औषध दिलं. औषध ते देतात, समुपदेशक देत नाहीत; दोघांची कामं वेगळी आहेत आणि कधी दोन्ही लागतात.

एवढ्या सगळ्यात त्यांनी मला सल्ला एकही दिला नव्हता. मी गेलो होतो तो उपदेश ऐकायच्या तयारीनं. मध्येमध्ये त्या गप्प बसायच्या. आम्हा बोलणाऱ्यांना शांतता सोसवत नाही. मी ती भरून काढायला गीतेतलं सांगू लागलो, देहाला वस्त्राची उपमा वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही दहाव्याला लोकांना सांगता. तुमचा भाऊ गेला, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" मला उत्तर आलं नाही. घड्याळात वेळ झाली होती. परतीच्या एसटीत तिसगाव येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, आणि त्या रात्री मला जास्तच जड वाटलं. पहिल्या भेटीनंतर असं होऊ शकतं, हे त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणून मी पुन्हा गेलो.

आता मूळ प्रश्नाकडं येतो.

विठ्ठल अंतर्यामी आहे. माझ्या मनात काय चाललंय ते माझ्याआधी त्याला कळतं. भक्तीचा हा सगळ्यात मोठा दिलासा आहे, आणि माझ्या बाबतीत अडचण तिथंच होती. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढं वाक्य पुरं करावं लागत नाही. मी गाभाऱ्यापुढं डोळे मिटून उभा राहायचो, आत जो काही गोळा होता तो तसाच त्याच्यापुढं ठेवायचो, आणि तसाच उचलून घरी आणायचो. तो गोळा कशाचा आहे हे मला सांगावं लागत नव्हतं, म्हणून मला कळतही नव्हतं. नगरच्या खोलीत समोर बसलेल्या बाईंना माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. भाऊ कोण, कसा होता, शेवटचं बोलणं काय झालं, तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला. सगळं शब्दांत आणावं लागलं. आणि शब्दांत आणताना माझ्याच कानांवर पडलं की मी चिडलेलो आहे. डोक्यावर एवढी उचल घेऊन, दोन लेकरं आणि म्हातारी आई माझ्या पदरात टाकून तो निघून गेला, म्हणून त्याच्यावर. आणि ज्याच्या दारात मी जन्म काढला त्या पांडुरंगावर. नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी भांडले, त्याला नाही नाही ते बोलले, हे मी कीर्तनात रंगवून सांगतो. स्वतःचं भांडण मात्र मी त्याच्यापुढं कधी उच्चारलं नव्हतं.

नामदेवांचंच चरित्र बघा. तेरच्या गोरोबा काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा वारकऱ्यांच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असते. नामदेव रागावून पांडुरंगाकडं गेले, तर पांडुरंगानंही तोच निकाल दिला आणि त्यांना औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडं पाठवलं. गुरूवाचून ज्ञान नाही, असा या कथेचा अर्थ आम्ही सांगतो आणि पुढं जातो. मी अलीकडं त्या कथेत जास्त वेळ थांबतो. देव नामदेवांच्या हातचा नैवेद्य खात होता, रोज बोलत होता. मग जे शिकवायचं ते त्यानंच का नाही शिकवलं? त्याला काय अशक्य होतं? माझं मत असं की पांडुरंगापाशी नामदेव कायम लाडके होते. लाडक्याला आपलं कच्चेपण दिसायला दुसऱ्या कुणासमोर बसावं लागतं, ज्याच्याशी लाड नाहीत, ज्याच्यावर रुसता येत नाही. आणि तो दुसरा कुणीतरी हाडामासाचा माणूस असावा लागतो. नामदेवांना माणसाकडं पाठवलं ते देवानंच. त्यात देव कमी पडला असं सातशे वर्षांत कुणी म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट ज्ञानोबांची. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्यांनी गीतेचा अर्थ मराठीत उघडा केला, तेच ज्ञानेश्वर एकदा लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटीबाहेर कोण होतं? धाकटी बहीण. तिनं दार फोडलं नाही, आत घुसली नाही. बाहेर उभी राहून ती बोलत राहिली, आणि कडी आतूनच निघाली. आत बसलेल्याला कमी ज्ञान होतं म्हणून हे घडलं, असं म्हणायचं धाडस कुणात आहे? ज्ञान होतंच. त्या घडीला ताटीपलीकडून येणारा माणसाचा आवाज हवा होता.

आमच्या गावात जैन व्यापाऱ्यांची जुनी घरं आहेत. आचार्य आनंदऋषीजी याच तालुक्यातल्या चिचोंडीचे, १९०० साली जन्मलेले. पाथर्डीत त्यांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या शिक्षणाच्या कामामुळं कितीतरी बिगरजैन पोरंही शिकली. माझे एक शाळूसोबती त्या समाजातले आहेत, धान्याचा व्यापार करतात. त्यांना माझं नगरला जाणं मुळीच नवल वाटलं नाही. ते म्हणाले, आमच्यात प्रायश्चित्ताचा पहिला प्रकार आलोचना. गुरूसमोर बसायचं आणि काहीही न लपवता स्वतःच्या तोंडानं सांगायचं. केवलज्ञानी सगळं जाणतात, म्हणून सांगायची गरज संपत नाही. सांगितल्यावाचून आतला काटा निघत नाही. मला हे माझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा नेमकं वाटलं.

सगळ्यात अवघड आक्षेप घेतला तो आमच्या दिंडीतल्या एका वयोवृद्ध वारकऱ्यांनी. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते म्हणाले, "महाराज, भोग हा भोगूनच संपवायचा असतो. तुम्ही तो बोलून कमी करायला निघालात. मग प्रारब्ध कशाला म्हणायचं?" हा प्रश्न मी बरेच दिवस बाळगला. शास्त्रानं कर्म तीन प्रकारचं सांगितलंय: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. भाऊ गेला हे प्रारब्ध, त्याचं आणि माझंही. ते परत फिरवता येत नाही आणि मला ते फिरवायचंही नाही. पण त्यानंतर मी रात्र रात्र जागतो, नातवंडांवर खेकसतो, भावजयीच्या डोळ्याला डोळा देत नाही, हे सगळं रोज नव्यानं घडतंय. ते क्रियमाण आहे, आणि त्याचा हिशेब माझ्याकडं आहे. पाऊस गेला हे प्रारब्ध मानणारा आमचा शेतकरी दुबार पेरणी करतोच. त्यानं देवाचा अपमान केला असं त्याला कुणी म्हणत नाही. तात्यांना हे पटलं का? अर्धं पटलं.

शिकलेली मंडळी श्रीकृष्णाला पहिला समुपदेशक म्हणतात. मला ती तुलना पूर्ण मान्य नाही, तरी तिच्यात एक खरी गोष्ट आहे. पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा अर्जुनाच्या बोलण्यानं भरलेला आहे. भगवंत त्याला बोलू देतात, खरा उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. आणि अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर म्हणतात की नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याला ऐकण्याचा धीर आहे आणि शेवटी निर्णय दुसऱ्याच्या हाती सोडण्याचाही धीर आहे, तोच माणसाला उभा करतो. पण मध्ये विश्वरूप आहे. नगरच्या बाईंकडं विश्वरूप नाही, आणि त्या तसा दावाही करत नाहीत. समोरच्याला निवाडा न करता ऐकणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आपण खोटा मुखवटा न घालणं, यावर समुपदेशन उभं करणारे अमेरिकेतले कार्ल रॉजर्स तरुणपणी धर्मगुरू व्हायला निघाले होते, दोन वर्षं धर्मविद्यालयात शिकले आणि मग मानसशास्त्राकडं वळले, हे मी वाचलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. व्यासपीठ सोडून खुर्चीवर बसलेला माणूस तो.

पुढच्या एका भेटीत बाईंनी कावळ्याचं विचारलं. मी त्याबद्दल फक्त एकदाच, ओझरतं बोललो होतो. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. "सगळ्यांनी वचनं दिली. तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही. निघाला असता तर काय निघालं असतं?" मी खूप वेळ गप्प होतो. या वेळी ती शांतता मला भरून काढावीशी वाटली नाही. मग मी म्हणालो, "मी म्हणालो असतो, मला काहीही वचन द्यायचं नाहीये. तू परत ये." पासष्टीला टेकलेल्या, गीता सांगणाऱ्या माणसाचं हे वाक्य. ते शास्त्राला धरून नाही. पण ते खरं होतं, आणि ते बाहेर पडल्यावर मग बाकीची वचनं मला देता आली. त्यांनी मला ती लिहून काढायला सांगितली: कोणती माझ्या आवाक्यातली, कोणती भावकीनं मिळून करायची, कोणती देताच येणार नाहीत. पुतणीच्या शिक्षणाचं मी घेतलं. उचलीचं एकट्यानं उरावर घ्यायचं नाही, हेही त्या कागदावर लिहिलं.

इथं एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. बोलून कर्ज फिटत नाही. पैसे मागणाऱ्यांचे फोन समुपदेशनानं थांबले नाहीत. ते थांबले चार जाणत्या माणसांना मध्ये घालून हप्ते ठरवल्यावर. बाईंनीच एकदा स्पष्ट सांगितलं की तुमच्या त्रासातला हा भाग मनाचा नाही, पैशाचा आणि पावसाचा आहे, तो माझ्या खोलीत सुटणार नाही. दर वर्षी अर्धा तालुका कोयता घेऊन परमुलखात जातो, त्याचं दुःख प्रत्येकाच्या मनातल्या विचारांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. आम्ही प्रवचनकार ते प्रारब्धावर ढकलतो, तेही तितकंच अपुरं आहे.

आता मी दशक्रियेच्या प्रवचनात शेवटची पाच मिनिटं वेगळी ठेवतो. घरातल्या माणसांना सांगतो की झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, गेलेल्या माणसाचा राग येत असेल, तर ते पाप नाही. बोलायला जा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे. खासगीत गेलात तर समोरच्याचं शिक्षण काय, हे विचारायला लाजू नका. चांगला माणूस त्याचा राग मानत नाही. आणि एखाद्याशी सूर जुळला नाही तर बदलायची मुभा आहे, हेही सांगतो, कारण आमच्याकडं गुरू बदलणं वाईट समजतात आणि लोक तीच रीत इथं लावतात. हे पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी मंडपाबाहेर माझी वाट बघत भावजय उभी होती. "भाऊजी, बायांनी गेलं तर चालतं का तिथं?" आता तीही जाते. मी बाहेरच्या बाकड्यावर बसतो आणि परतीच्या वाटेवर ती काय बोलली ते विचारत नाही.

तात्यांचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. माळ घालतो ती कधीतरी उतरवायची म्हणून घालत नाही. गुरूचं नातं, विठ्ठलाचं नातं संपण्यासाठी नसतं. समुपदेशन मात्र संपावं म्हणूनच सुरू होतं; बाईंनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि आता माझ्या भेटी लांब लांब अंतरावर गेल्या आहेत. तात्या म्हणतात, जे संपतं ते माणसाला पुरं पडत नाही. मी म्हणतो, ते पुरं पडायचा दावा करत नाही म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मोक्ष देतो म्हणणाऱ्या खोलीत मी गेलो नसतो. तात्यांना माझं उत्तर अपुरं वाटतं, मला त्यांचा प्रश्न बरोबर वाटतो. यंदाही आम्ही एकाच दिंडीत आहोत, आणि पाथर्डीपासून पंढरपूरपर्यंत बोलायला भरपूर वेळ आहे.